आरपार गेलेलं पान

गल्लीत त्याला सगळे पानफुले म्हणत. ते काही आडनाव नव्हतं. उभी हयात चादरी-पडद्यांच्या कारखान्यात पानाफुलांची नक्षी काढण्यात गेली, म्हणून कुणीतरी गमतीने म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कारखाना बंद पडला तेव्हा हा गृहस्थ खिडकीत बसून रस्त्यावरची माणसं मोजायला लागला. शेवटी बायकोच वैतागून म्हणाली, "नुसते बसून काय करताय? मागच्या खोलीत या. माझी भांडी अगदीच बोडकी दिसतात."

मागच्या खोलीत तिचं चाक होतं, भट्टी होती. ती चिनी मातीचे वाडगे करायची. ही माती मोठी मानी. लोण्यासारखी मऊ, पण चाकावर जरा कुठे चुकीचा दाब पडला, तर ते मनात ठेवणार आणि भट्टीत गेल्यावर वाकडं होऊन उगवणार. बायकोचा हात असा, की तिचा भाजलेला वाडगा दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. त्यावर पानफुले कोरायचा. वाडगा अर्धवट वाळून चामड्यासारखा झाला, की मांडीवर उशी, उशीवर वाडगा आणि हातात कोरणी. वरून फिकट हिरवी झिलई चढली, की ती कोरलेल्या रेघांमध्ये साचून गडद व्हायची आणि पान आत्ताच फुटलंय असं वाटायचं.

गिऱ्हाईक वाडगा उचलायचं आणि आधी नक्षीच बघायचं. "काय वेल आहे हो!" पानफुले मान खाली घालून हसायचा. वाडगा कुणी घडवला हे क्वचितच कुणी विचारी, आणि तोही आपणहून सांगायच्या भानगडीत पडत नसे.

एका उन्हाळ्यात बायकोने मोठा वाडगा करायचं मनावर घेतलं. चांगला टोपलीएवढा, आणि तोही पातळ. किती कोसळले, किती फाकले. ती गोळा काढायची, पुन्हा मळायची, पुन्हा चाकावर. एके दिवशी तो उभा राहिला. चाक थांबलं तरी ती हात मागे घेईना. मग हळूच म्हणाली, "अहो, बघा तरी."

तिने त्याच्यासमोर वाडगा ठेवला तेव्हा बजावलं होतं, "काठाजवळ हलक्या हाताने. तिथे माती फार कमी आहे."

"मला शिकवू नकोस," पानफुले म्हणाला.

त्याने कृष्णकमळाचा वेल धरला. बुडापासून वर चढणारा, दोऱ्यासारखे तणावे काठाला बिलगलेले. काम असं जमत गेलं की तो स्वतःवरच खूश झाला. शेवटचं पान काठाजवळ होतं. ते इतर पानांहून उठून दिसावं म्हणून त्याने शीर जरा खोल घेतली. मग आणखी जरा. कोरणीला एकदम काही लागेनासं झालं. त्याने वाडगा वळवून आत पाहिलं, तर पोलादाचं टोक आतल्या बाजूला निघालेलं.

बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता. तिला हाक मारायची, एवढंच होतं. फार तर ती चिडली असती. पण "मला शिकवू नकोस" हे त्याचे शब्द अजून खोलीत तसेच लोंबकळत होते. त्याने बोटावर चिमूटभर ओली माती घेतली, भोक लिंपलं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत केलं आणि वरून शीर पुन्हा ओढली. दिसेना. त्याला बरंसुद्धा वाटलं.

भट्टी उघडली तेव्हा वाडग्याला काठापासून निम्म्यापर्यंत तडा गेलेला होता. पानाच्या अगदी मधून.

बायको बराच वेळ तड्यावरून नख फिरवत राहिली. "इथेच माझा हात हलला असणार," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एकसारखा आलाय."

पानफुले म्हणाला, "होतं असं."

दोनच शब्द. पण पुढे ते फार महागात पडले.

कारण बायको नंतर चाकावर बसली ती घाबरूनच. भीतीने माती जाड ठेवायची. मग जाड झाली म्हणून ओढायला जायची आणि वाडगा कलायचा. आजवर डोळे मिटून होणारं काम तिला डोळे ताणून जमेना. ती आपले पंजे उजेडात धरून उलटसुलट बघायची. पानफुले समोर बसून कोरण्या पुसत राहायचा. पुसलेल्याच पुन्हा पुसायचा. आता सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं करता करता दिवस निघून जायचा. आणि जितका उशीर, तितकं तोंड उघडणं कठीण. पहिल्या दिवशी ती नुसती चूक होती; आता तिला नाव काय द्यायचं, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

एक दिवस ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवून येते. चला माझ्याबरोबर."

दवाखान्यात ती लहान मुलीसारखी हात पुढे करून बसली. डॉक्टरांनी मुठी वळायला लावल्या, बोटं दाबायला लावली, डोळे मिटून नाकाला हात लावायला सांगितलं. तिने सगळं मन लावून केलं. "तसं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण वय होतंच. थोडं कमी करा काम." ती मान हलवत राहिली. पानफुले शेजारच्या खुर्चीत तिची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. त्याचे कान तापले होते. परत येताना तिने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात." त्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

त्याच आठवड्यात तिने भाचीला बोलावलं. भाची तिच्याकडेच चाक शिकलेली, आता स्वतः भांडी करून विकणारी. "घेऊन जा," बायको म्हणाली, "धूळ खात पडण्यापेक्षा तुझ्याकडे चालू राहील."

"मावशी, असं काय करतेस?"

"हात गेले गं माझे. झालं."

भाचीने नाइलाजाने चाकाच्या कडेला हात घातला. पानफुले दारात उभा होता, दुसरी बाजू उचलायला. त्याने उचललीच नाही.

"चाक राहू दे," तो म्हणाला.

"आता तुमचं काय?" बायको म्हणाली.

"तो तडा माझ्यामुळे गेला. पान आरपार गेलं होतं. मी बुजवलं."

भाचीने चाकाची कड सोडली आणि ती भिंतीवरच्या फळीकडे बघायला लागली, जसं काही तिथे फार महत्त्वाचं लिहिलंय.

"कशाने बुजवलंत?" बायकोने विचारलं.

"मातीने. ओल्या."

"वाळत आलेल्या भांड्याला ओली माती?" तिला क्षणभर हसूच आलं. "अहो, ती आकसून फाटणारच! हे शेंबडं पोरसुद्धा करणार नाही." मग हसू विरलं. ती हात पदराला पुसत राहिली. "दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात," ती म्हणाली.

वाडगा, तडा, खोटं, सगळ्याची माफी त्याने मनात कितीदा घोटून ठेवली होती. पण त्या खुर्चीची नव्हती.

भाची चाक न घेता गेली.

बायकोने आदळआपट केली नाही, अबोलाही धरला नाही. भाजी कोणती करू ते विचारायची, आंघोळीला पाणी तापलंय ते सांगायची. फक्त कोरायला काही देईना. ती पुन्हा चाकावर बसायला लागली. हात लगेच आले नाहीत. बिघडले नव्हते तरी बिघडल्याची सवय झाली होती. मग एखादा वाडगा सरळ येऊ लागला, मग बरेचसे. ते सगळे ती कोरेच भाजायची. पानफुले माती मळायचा, झिलई गाळायचा, खोली झाडायचा. गिऱ्हाइकांनी विचारलं, "नक्षी नाही केली यंदा?" तर ती म्हणायची, "त्यांनाच विचारा." आणि तो झाडू घेऊन आत जायचा.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्याच्या कोरायच्या उशीवर एक वाडगा ठेवलेला होता. छोटा, चांगला जाडजूड.

"हा घ्या," ती चाकावरून मान न वळवता म्हणाली. "भिंत जाड आहे. तुम्हाला पुरेल."

तो उशी मांडीवर घेऊन बसला. नेच्याची पानं धरली. काम होत गेलं. दुपारी एका पानाशी कोरणी घसरली. आरपार नाही, पण खोल. या खेपेला उठून तो वाडगा तिच्याकडे घेऊन गेला.

"हे जास्त गेलंय."

तिने आतून एक बोट आणि बाहेरून एक बोट लावून चाचपलं. "नाही टिकणार. मोडा."

त्याने स्वतःच्या हाताने वाडगा चुरला आणि पाण्याच्या बादलीत टाकला. नेच्याची पानं हळूहळू विरघळून गेली. त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "हात धुवा आणि चहा टाका. मी गोळा लावलाय, मला उठता येणार नाही."

तो चहा टाकायला गेला. तिच्यासमोर मान वर करून बसायला त्याला पुढेही फार दिवस लागले.