ठाण्याची सावड

ती पितळेची वाटी इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली, दंगलीत दगड खाल्ले. त्या सगळ्याची मनाला हळूहळू सवय झाली. पण एका साध्या बैलजोडीच्या तपासात मी जो हादरलो, त्याची सवय कधी झाली नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा अकोल्यात मोडायचा आणि आमची राजधानी नागपूर होती. ठाणेदार म्हणून माझी पहिलीच नेमणूक त्या भागातल्या एका ठाण्यावर झाली. कोणतं ते सांगणार नाही, माणसांची नावंही सांगणार नाही. त्यांची लेकरं-नातवंडं आज मानानं नांदत असतील.

ठाण्याचा लौकिक मोठा होता. चोरीचा गुन्हा नोंदला की आरोपी लगेच सापडायचा, कबुली द्यायचा आणि कोर्टात उभा केला तरी शब्द फिरवायचा नाही. वरचे साहेब इतर ठाण्यांना आमचं उदाहरण देत. चार्ज देताना आधीचे ठाणेदार मला हसत म्हणाले, "नशीबवान आहात. इथले चोर फार सरळ." आयतं वाढलेलं ताट मिळाल्यावर कोण नको म्हणतो? मीही खूश झालो.

हे सरळ चोर बहुतेक एकाच वस्तीतले असत. ओढ्यापलीकडे कुडाच्या घरांची एक वस्ती होती. हंगामात दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि हंगाम सरला की कामाच्या शोधात बाहेर पडायचं, असं तिथल्या लोकांचं वर्ष जायचं. चोरी कुठल्याही गावात होवो, शिपायांची पावलं आधी त्या ओढ्याकडे वळत. का वळतात, हे कुणी विचारत नसे.

मी रुजू होऊन फार काळ झाला नव्हता. एका सकाळी किन्हीराजाच्या बाजूचे एक पाटील ठाण्यात आले. नवी घेतलेली बैलजोडी गोठ्यातून नाहीशी झाली होती. एक बैल तांबडा, एक बांडा. पाटील रागानं थरथरत होते, आणि ते खोटं नव्हतं. पेरणी तोंडावर आलेली असताना बैल जाणं म्हणजे शेतकऱ्याचे हात तोडण्यासारखंच. दुपारपर्यंत आमच्या खबऱ्यानं टीप दिली की वस्तीतला एक तरुण पहाटे केनवडच्या वाटेवर दिसला होता. एवढं पुरेसं होतं. माझे हवालदार मूळचे मंगरूळपीरचे, ठाण्यातच केस पिकलेले. ते दोन शिपाई घेऊन गेले आणि त्या तरुणाला घेऊन आले.

त्याला कोठडीत घालून मी बाहेर आलो, तर ओसरीवर बायका बसलेल्या. दहा-बारा असतील, सगळ्या उतारवयाच्या. ना रडणं, ना गयावया. प्रत्येकीच्या पुढ्यात एक वाटी, आणि वाटीत जवसाच्या तेलात कालवलेली हळद. मला वाटलं, जवळपास कुणाचं लग्न निघालं असेल आणि सरकारी साहेब म्हणून आमंत्रण द्यायला आल्या असतील. मी थट्टेनं विचारलंही, "काय बाई, कोणाची हळद आहे?"

पुढे बसलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. कोठडीत होता तो तिचा मुलगा.

"माह्या पोराची," ती म्हणाली. "तुमचं मारून झालं का लावाची हाय. सुकली म्हंजे झोंबते, म्हनून तेल जादा घातलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिला दरडावून गप्प केलं असतं. पाऊस येणार म्हणून सरपण आत घ्यावं, इतक्या सहज ती बोलत होती.  मी कसाबसा म्हणालो, "इथं कुणी मारणार नाही."

"हो जी," ती म्हणाली. वाटी मात्र तिथंच राहिली.

आत जाऊन मी चौकशी सुरू केली. तो तरुण विशी-पंचविशीचा होता. मी प्रश्न पुरा करायच्या आत तो म्हणाला, "हो साहेब, म्याच चोरले."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. बघा, इथले चोर कसे सरळ, असा त्यांचा चेहरा.

"बैल कसे होते?" मी विचारलं.

"पांढरे."

"पांढरे? की काळे?"

तो गडबडला. "काळे असतीन साहेब. तुमी म्हनता तं काळेच."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी खुर्ची पुढे ओढली आणि मुद्दामच आवाज चढवला. "आणि अकोल्याचा तुरुंग परवा कोणी फोडला? तूच ना?"

"हो जी. म्याच फोडला."

हवालदार फिस्सकन हसले. मला हसू आलं नाही. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर मला खोटेपणा दिसत नव्हता, भीतीही फारशी दिसत नव्हती. पाठ केलेला धडा बिनचूक म्हटल्यावर पोराच्या तोंडावर जे दिसतं, ते तिथं होतं. अकोल्याचा तुरुंग कुणी फोडलेला नव्हता, हे सांगायला नकोच.

मी तसाच ओसरीवर आलो आणि त्याच्या आईपुढे उभा राहिलो. "बाई, तुझा मुलगा न केलेल्या गोष्टी कबूल करून राहिला. काहून?"

"आमीच शिकवलं," ती म्हणाली. "आमी समद्या मायांनी."

मग तिनं सांगितलं. तिचा थोरला मुलगा असाच एका चोरीत धरून आणला होता. तो 'नाही' म्हणत राहिला, कारण त्यानं काही केलेलंच नव्हतं. जितक्या वेळा 'नाही' म्हणाला तितका मार बसला. सोडला तेव्हा बायकांनी त्याला बाजेवर घालून घरी नेलं, हळद लावली. पण मार आत बसला होता. रक्ताच्या उलट्या होऊन तो गेला. कागदावर मात्र तो ओढ्यात घसरून पडला, असं लिहिलं गेलं.

"तवा आमी बसलो," ती म्हणाली. "समद्या जनी. म्हटलं, आता आपलं पोट्टं मरू द्याचं नाई. पोराईले शिकवलं, साहेब जे इचारीन त्याले हो म्हना. पहिल्याच शब्दाले हो म्हना. जेलात गेलं तं वापस येते जी. मेलेलं कुठी येते?"

 ज्या कबुल्यांवर आमच्या ठाण्याचा लौकिक उभा होता, त्या बायकांनी घरोघर पोरांकडून घोकून घेतलेल्या होत्या. चोर सरळ वगैरे काही नव्हते. एका मुलाच्या प्रेताभोवती बसून आयांनी काढलेला तो तोडगा होता.

मी म्हणालो, "त्याला खरं सांगायला सांग. मी जबाबदार आहे."

तिनं मान हलवली. "उलटं बोलाले लावू नका साहेब. बैल नाई भेटले तं? तुमी नाई मारलं, तुमच्या मागून कोनी मारलं तं? मले एकच राह्यलं आता."

 याचं उत्तर बैलांकडेच होतं. मी पाटलांना बोलावून सगळा तपास पहिल्यापासून लावला. गोठा पाहिला. दाव्याचं तुटकं टोक कापलेलं नव्हतं, घासून घासून झिजलेलं होतं. मी विचारलं, "पाटील, ही जोडी आणली कुठून?"

"केनवडच्या एका कास्तकाराकडून. त्याच्याच घरी वाढलेली जोडी. नुसती आठवडाभर झाली."

जनावरं पाळणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. मी त्याच घटकेला एका शिपायाला सायकलवर केनवडला पिटाळलं.

तो परत येईपर्यंत बायका ओसरीवरून हलल्या नाहीत. म्हणजे बाया बदलत होत्या, पण ओसरी रिकामी पडत नव्हती. दोघी उठून जात, दोघी भाकरी घेऊन येत आणि त्यांच्या जागी बसत. मी हवालदारांना विचारलं, "हे काय चाललंय?"

ते जरा ओशाळून म्हणाले, "ठाण्याची सावड हाय साहेब ते."

सावड म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तुझा एक बैल, माझा एक बैल. आज तुझं शेत, उद्या माझं. या बायांनी तीच रीत ठाण्याला लावली होती. जिचा मुलगा आत, तिनं ओसरीवर बसायचं. बाकीच्यांनी तिचं शेतातलं काम करायचं, तिच्या सुनेच्या पोरांना जेवू घालायचं, आणि आळीपाळीनं तिच्याजवळ येऊन बसायचं. मुलगा तुरुंगात गेला तर तो सुटेपर्यंत त्याच्या घरची चूल विझू द्यायची नाही. उद्या दुसरीचा मुलगा आत गेला की आधीचीनं ती सावड फेडायची. ना कुणी पुढारी, ना झेंडा. आमच्या ठाण्यात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणालाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्याचाही मला धक्काच बसला.

शिपाई परतला तो केनवडच्या त्या कास्तकाराला घेऊनच. म्हातारा आल्या-आल्या पाटलांवर उखडला. "बैल माह्या दारात उभे हायेत ना! दावं तोडून घरी आले. मी निरोप धाडला तं तुमी घरी नाई, न्याले कोनी आलं नाई. माहा कडबा खाऊन राह्यले!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता. चोरीच झाली नव्हती. बैल आपल्या पायांनी जुन्या घरी चालत गेले होते, आणि त्यासाठी एक माणूस कोठडीत 'हो साहेब, म्याच चोरले' म्हणत बसला होता. त्या पहाटे तो केनवडच्या वाटेवर होता हे खरं. पेरणीचं काम मिळतं का, ते पाहायला निघाला होता. मी विचारलंच असतं तरी ते त्यानं सांगितलं नसतं. त्याला तसं शिकवलेलं नव्हतं.

मी कोठडी उघडून त्याला आईच्या हवाली केलं. तिनं त्याची पाठ चाचपून पाहिली, दंड पाहिले, सदरा वर करून बरगड्या पाहिल्या. मग तिला काही सुचेना. हळदीची वाटी हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. वाटी भरलेलीच परत न्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

जाताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आशीर्वाद देईल. ती म्हणाली, "साहेब, तुमची बदली झाली म्हंजे आदी सांगजा. पोराईले पुन्हा शिकवा लागन."

त्यानंतर मी जुन्या कबुल्या काढून वाचल्या. जिथं तपास करता आला तिथं केला. पण जे शिक्षा भोगून आले होते, त्यांना मी काय परत देणार होतो? माझ्या काळात त्या ठाण्यात कुणाच्या अंगाला हात लागला नाही. गुन्हे उघडकीला येण्याचं प्रमाण मात्र घसरलं आणि वरून कानउघाडणी झाली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

बदलीचा हुकूम आला तेव्हा तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे मी स्वतः वस्तीवर जाऊन सांगितलं.  चार्ज द्यायच्या दिवशी मी नव्या ठाणेदारांना घेऊन ओसरीवर आलो, तर तिथं बायका बसलेल्या. कोठडी रिकामी होती, कुणाला धरलेलं नव्हतं. तरी सगळ्या वस्तीच्या आया आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात हळदीची वाटी होती.

"पोराईले शिकवाचं होतं ना?" मी तिला हळूच विचारलं.

"पोराईले लय शिकवलं," ती म्हणाली. "आता साहेबाले शिकवू म्हटलं."

नवे ठाणेदार हसले. थट्टेनं मला म्हणाले, "काय हो, कोणाची हळद आहे?"

 सगळ्या बायकांचे डोळे माझ्याकडे लागले होते. उत्तर मीच द्यायचं होतं. त्यांच्या सावडीत माझी पाळी आली होती, आणि ती मी फेडली. मी नव्या ठाणेदारांना तिथंच, त्या बायकांसमोर, थोरल्या मुलापासून बैलांपर्यंत सगळं सांगितलं. माझं बोलणं संपलं तेव्हा ते हसत नव्हते.

पुढे अनेक ठाणी केली. कबुली ऐकली की तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी मी बाहेर ओसरीवर कोण बसलंय ते पाहून यायचो. त्या तपासानं मला शिकवलं ते एवढंच, आणि ते त्या आयांनी शिकवलं.