चूल पेटण्याआधीचा धूर

तुम्हाला कधी कोणाच्या हेल्मेटचा हेवा वाटलाय? स्कूटरच्या नाही हो, साईटवर घालतात त्या पांढऱ्या हेल्मेटचा. मला वाटलाय. चांगला दोन वर्षं वाटलाय.

मी मुलुंड पूर्वेला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अकरा वर्षं कामाला आहे. फोन घ्यायचे, फायली लावायच्या, कुरिअरवर सही करायची, चहावाल्याला हाक मारायची. शिक्षण बारावी. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक आणि माणसं चार. आमच्या वर्षा मॅडम, जुने ड्राफ्ट्समन पेडणेकर काका, कॉम्प्युटरवर बसणारी मनीषा आणि मी. चार माणसांत असं काय घडणार, असं वाटतं. पण फोन माझ्याकडे आणि दार माझ्यासमोर. किस्से घरातल्या कापडी पिशव्यांसारखे साठत जातात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. एक ओढली की सगळ्या बाहेर येतात. आज हेव्याची पिशवी ओढलीय, तेव्हा काय काय निघतं ते बघा.

आधी काम सांगते. आमच्या मॅडम कमी कार्बनची घरं बांधतात. हे मला समजायला वेळ लागला. एकदा मॅडमनी बसवून समजावलं, "सुलभाताई, सिमेंट भट्टीत होतं, सळई भट्टीत होते, मग ती ट्रकमधून येते. माणूस राहायला यायच्या आधीच घरापायी केवढा धूर होऊन गेलेला असतो. तो मोजायचा आणि कमी करायचा."

मी म्हटलं, "म्हणजे चूल पेटायच्या आधीचा धूर."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि सगळ्यांना आवडलं. माझं नाव काही घेतलं नाही. असो.

* * *

हेवा काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. मॅडमच्या कॉलेजातला एक मित्र अंधेरीला मोठा आर्किटेक्ट आहे. त्याने एक बिल्डिंग बांधली, प्रत्येक मजल्यावर झाडं. पेपरात फोटो आला. मॅडमनी तो पेपर माझ्या टेबलावर ठेवला. "सुलभाताई, विसाव्या मजल्यावर पाणी कोण नेतं? पंप. पंप कशावर चालतो? विजेवर. वीज कशावर होते? आणि म्हणे ग्रीन!"

त्यानंतर मॅडमना दर गुरुवारी अंधेरीला काम निघायला लागलं. आठ-दहा गुरुवार गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, अंधेरीला नवीन क्लायंट आहे का? फाईल उघडायची राहिलीय."

"क्लायंट कसला? रिक्षा त्या बिल्डिंगवरून न्यायला सांगते. झाडं मेली का बघायला."

"मग?"

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. घरात कोणी गेल्यासारखा चेहरा. म्हणाल्या, "जास्वंद फुललीय."

* * *

चारकोपला दोन भावांची घरं आहेत, गेटला गेट लागून. मोठ्याने छतावर सोलर पॅनल लावले. धाकटा पंधरा दिवसांत आमच्याकडे. "मॅडम, मलाही पर्यावरणाचं फार वाटतं."

मॅडम खूश. पेडणेकर काकांनी छताचं माप घेतलं, नकाशा काढला. धाकट्या साहेबांनी तो उलटा फिरवून बघितला आणि म्हणाले, "पॅनल ह्या बाजूला नकोत. उत्तरेला लावा, रस्त्याकडे."

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "अहो, आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून येतं. तिकडे तोंड केलं तरच वीज मिळेल."

साहेब म्हणाले, "ऊन येऊ दे कुठूनही. भाऊ इकडून येतो."

* * *

आता पेडणेकर काका. माणूस मालवणचा, बोलणं फटकळ, हात सोन्याचा. घरात एसी लागू नये म्हणून वारा कुठून कसा खेळेल हे काका आधी बघून ठेवतात. त्यांची पद्धत एकच. रिकाम्या खोलीत उदबत्ती लावायची आणि धूर कुठे जातो ते बघत उभं राहायचं. बोरिवलीला एका घरी ते असे उभे असताना तिथल्या आजीबाईंना वाटलं, वास्तूची पूजा चाललीय. त्यांनी नारळ आणून दिला. काकांनी फोडलाही. म्हणाले, "वाऱ्याचं काम आहे, नारळाने काय बिघडत नाय."

मग मनीषा आली. तिच्या लॅपटॉपवर वारा रंगीत दिसतो. निळे बाण, लाल बाण, खोलीभर फिरतात. क्लायंट वा वा करायला लागले आणि काकांनी दोन दिवस डबा उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी ते मनीषाला म्हणाले, "चल गो, बोरिवलीक. तुझो वारो आणि माझो वारो, बघू." दोघं गेले. तिने लॅपटॉप उघडला, काकांनी उदबत्ती लावली. धूर बरोबर निळ्या बाणांच्या वाटेने खिडकीबाहेर गेला.

काकांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग तिच्या पाठीवर थाप मारली. "कॉम्प्युटराक पण आता कळूक लागला हां."

* * *

ही मनीषा. वय सत्तावीस, शिक्षण माझ्याएवढंच, बारावी. माझ्यानंतर आठ वर्षांनी आली. पण तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता. सहा महिन्यांत कार्बनचे तक्ते तिच्याकडे गेले, वर्षभरात ती मॅडमबरोबर साईटवर जायला लागली. तिच्यासाठी पांढरं हेल्मेट आलं, वर मार्करने नाव. ते ती माझ्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवायची. अकरा वर्षांत मी एकही साईट बघितली नव्हती. फायलीत मात्र सगळ्या होत्या.

मुलगी वाईट असती तर सोपं झालं असतं. ती चांगली आहे. "ताई, तू जेवलीस का?" असं रोज विचारते. माणसाने मनातल्या मनात जळायचं तरी कसं, सांगा.

एकदा दुपारी सगळे बाहेर होते. मी ते हेल्मेट काढलं आणि घातलं. अंबाड्यामुळे नीट बसेना, जरा मागे कललं. तेवढ्यात कुरिअरवाला दारात. आठवड्यातून तीनदा येतो. वर्षानुवर्षं, "मावशी, सही."

त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलं, पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाला, "मॅडम, सही."

* * *

मग नाहूरची सोसायटी आली. स्टेशनजवळची जुनी तीन मजली बिल्डिंग, पाडून नवी करायची. मॅडमनी ठरवलं, जुन्यातलं जे वापरता येईल ते नव्यात वापरायचं. नवीन बनवायला नको, धूर नको. त्यात सागवानी दारं होती. मॅडमनी गच्चीवर मीटिंग घेऊन सांगितलं, "जुनी दारं तासून नव्या घरांना लावू. कुठलं दार कुठल्या घराला बसेल, ते मापावर ठरेल."

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन बंद होईना. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी सागवान काढून प्लायवूडची दारं लावली होती, त्यांना आता सागवान हवं. ज्यांच्याकडे सागवान होतं, त्यांना ते शेजाऱ्याकडे जाणार म्हणून झोप नाही. एक बाई रोज दुपारी दोनला फोन करायच्या. "आमच्या सासूबाईंच्या वेळचं दार समोरच्यांना? रोज उठून मी ते त्यांच्या घराला लागलेलं बघायचं?"

मी आठवडाभर समजावलं. माप बसत नाही, लाकूड फुकट जाईल, शेवटी आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतंय. शेवटी त्या विरघळल्या. म्हणाल्या, "बरं, द्या त्यांना दार. पण कडी आमची."

* * *

आता शेवटचं सांगते. हे मी ऑफिसबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

नाहूरच्या साईटवर दोन वर्षं एक माणूस बसवायचा होता. येणारा प्रत्येक ट्रक कुठून आला, काय घेऊन आला, ते लिहायचं. त्यावरून धुराचा हिशेब. मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मी बसू शकते." अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. मॅडम म्हणाल्या, "मनीषानेही विचारलंय. रविवारी सोसायटीपुढे सामानाचा तक्ता मांडायचाय, तो तिने केलाय. तो नीट झाला की ठरवते."

बुधवारी फोन आला. आमचा नेहमीचा टाइल्सवाला, दुसऱ्या एका साईटच्या मालाबद्दल. "मॅडम को बोलना, गाडी मोरबी से निकली नहीं. दो दिन लेट." मी निरोप लिहिला आणि सहज मनीषाचा तक्ता उघडला. टाइल्स, कुठून: घाटकोपर. सळई, घाटकोपर. सिमेंट, घाटकोपर. माझ्या लक्षात आलं. पोरीने आधीच्या बिलांवरचा दुकानाचा पत्ता धरला होता. माल दुकानात कुठून आला, हे विचारलंच नव्हतं. बिलावर ते नसतंच. ते विचारावं लागतं.

मला विचारता येतं. भाच्याचं लग्न मी जमवलंय. मुलगी कुठे राहते हे विचारून काय कळतं? मूळ गाव विचारायचं. मनीषा साईटवर गेली की मी एकेका दुकानदाराला फोन लावायची. "दुकान नको सांगू, मूळ गाव सांग."

सळईवाला म्हणाला, "हमारा? जौनपूर."

"तुमचं नाही हो, सळईचं."

सळई जालन्याची निघाली, सिमेंट चंद्रपूरचं, टाइल्स पार गुजरातेतल्या मोरबीच्या. सगळं वहीत उतरवलं. वही पर्समध्ये ठेवली. आणि कोणाला काही बोलले नाही.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस मी मनीषाशी इतकी गोड वागले की पेडणेकर काकांनी विचारलं, "सुलभा, बरी आहेस ना?" डब्यातलं वांग्याचं भरीत अर्धं तिला दिलं. शनिवारी संध्याकाळी तिने माझ्यासमोर उभं राहून सगळं म्हणून दाखवलं. "आपल्या घरांना लागणारं सगळं सामान जवळचंच आहे, बारा-पंधरा किलोमीटरच्या आतलं." मग लॅपटॉप बंद करून म्हणाली, "ताई, काही चुकतंय का गं? तू बोल ना. मॅडमपेक्षा मला तुझी भीती वाटते."

मी म्हटलं, "छान झालंय."

रविवारी सोसायटीच्या गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या, मीही गेले होते. मनीषाने सुरुवात चांगली केली. चौथ्या पानावर तक्ता आला. पुढच्या रांगेत एक आजोबा होते, आयुष्य मालाच्या ट्रान्सपोर्टमध्ये गेलेलं. ते उठले. चष्मा पुसला, पडद्याजवळ जाऊन वाचलं आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "घाटकोपरला सिमेंटची खाण कधी निघाली रे?"

अख्खी गच्ची हसली. दारवाल्या बाईसुद्धा हसल्या. मॅडमचा चेहरा उतरला. मनीषाने मॅडमकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मदतीला बघतात तसं.

मी उठले. पर्समधून वही काढली. म्हटलं, "ते दुकानांचे पत्ते आहेत. मूळ गावं माझ्याकडे आहेत." आणि वाचायला लागले. जालना. चंद्रपूर. मोरबी. रेती, खडी, काच, रंग. कुठलं जवळ मिळेल आणि कुठलं जुन्यातलंच चालेल, तेही मी समोर लिहिलं होतं. हसणं थांबलं. आजोबा म्हणाले, "मॅडम, साईटवर ह्या बाईंना बसवा." टाळ्या पडल्या. मॅडमनी मान डोलावली. तीन दिवस मी मनात जे बघत होते, ते अगदी तसंच घडलं.

परत येताना रिक्षात मी आणि मनीषा दोघीच होतो. उड्डाणपूल उतरल्यावर तिने विचारलं, "ताई, काल मी तुला विचारलं तेव्हा वही पर्समध्येच होती?"

मी म्हटलं, "हो."

मुलुंडला उतरताना सुट्टे तिनेच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांच्या हातात साईटच्या ऑफिसची किल्ली होती, पण ती त्यांनी पुढे केली नाही. म्हणाल्या, "सुलभाताई, एवढी माहिती एका दिवसात गोळा होत नाही. ही वही तुमच्याकडे कधीपासून होती?" मी तोंड उघडायच्या आत मनीषा कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाली, "आम्ही दोघींनी मिळून केली, मॅडम. तक्त्यात घालायची माझ्याकडून राहिली." मॅडमनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या आत गेल्या.