गौराच्या गोफणीचा गोळा

साखरशेतच्या वरच्या पाड्यात नवसू राहतो. उभा जन्म त्याने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आता हातात तेवढा जोर नाही, म्हणून अंबाडीचा वाख वळून शेतराखणीच्या गोफणी विणतो. त्याची एकच अट असते. काय फेकणार ते आधी आणून दाखवायचं. दगड ठेवायची मधली वाटी त्या मापाची होते, दोऱ्या फेकणाऱ्याच्या हाताच्या. उगाच वाया गेलेला जोर त्याला सहन होत नाही.

भाद्रपदात गौरा आली. नवरा गेल्यापासून उतारावरची नाचणी ती एकटी करते. तिने पिशवीतून नदीतला गोटा काढला. मुठीत मावेना एवढा.

"आमचे हेच फेकायचे. माकडं पार दरीत पळायची."

"ते फेकायचे. तू फेकून दाखव."

गौराने नवऱ्याची जुनी गोफण फिरवली. वीटभट्टीवर विटा वाहून तिचा उजवा खांदा कामातून गेलेला. गोटा जेमतेम बांध ओलांडून धपकन पडला.

"म्हशीने पो टाकावा तसा पडला की गं," नवसू म्हणाला.

गौरा हसली, मग तिने खरी अडचण सांगितली. तिच्या नाचणीखाली तिच्या दिराचं, भिकाचं, भात. भातापलीकडे उंबर. माकडं त्या उंबरावरून उतरतात. गेल्या साली तिचे गोटे भातातच पडले आणि कापणीत भिकाच्या विळ्यांची धार गेली. यंदा त्याने स्वच्छ सांगितलं होतं, "वहिनी, एकाही विळ्याला गोटा लागला, तर पुढल्या सालापासून उतार मी कसतो. तू भट्टीवर जा."

नवसूने आधी बारीक दगडांचा विचार केला. ते लांब जातील, पण राहतील भातातच. शिवाय दगड प्रत्येक वेगळा. हात कशाचा अंदाज घेणार?

"माती घे," तो म्हणाला. "ओसाड वारुळाची. त्यात नाचणीचा कोंडा मळ. लिंबाएवढे गोळे कर, सगळे सारखे. सावलीत वाळव."

जिवंत वारुळाला हात लावू नको, हे तिला सांगावं लागलं नाही.

एक ओला गोळा समोर ठेवून त्याने लहान वाटी विणली. दोऱ्या आखूड ठेवल्या, कोपर वाकवूनही फिरवता येतील अशा. एकदा विणलेलं उसवून पुन्हा विणलं, कारण गोळा वाटीत डुगडुगत होता. थोड्याच दिवसांत गौराचे गोळे उंबरावर फटाफट आपटू लागले. माकडं दात विचकत दरीकडे गेली.

मग एका सकाळी भिका आला. त्याच्या तळहातावर गोळा होता. अख्खा आणि लालबुंद.

"नवसूबाबा, हा तुझाच माल ना? भातात मिळाला."

नवसूने गोळा दगडावर वाजवला. खणकन आवाज आला. त्याने गौराला बोलावून घेतलं.

"पाऊस उघडेना," ती म्हणाली. "वाळेनात, म्हणून चुलीत भाजले. बाबा, कच्चा माल कसा वापरायचा? भट्टीवर कच्ची वीट भिजली की मजुरी बुडते."

नवसूच्या ध्यानात आलं. वाळव म्हणाला होता, कच्चेच का ठेवायचे ते बोलला नव्हता.

"हा आपटला की फुटायला पाहिजे, गौरा. फुटला की मातीत माती."

भिका म्हणाला, "मी सांगितलं होतं, वहिनी."

"विळ्याला लागला तर, असं सांगितलं होतंस," नवसू म्हणाला. "विळा अजून चालला कुठे? भाजलेले सगळे आम्ही वेचून देतो. त्यानंतर एकही लागला, तर तुझं खरं."

दोघं भातात उतरली. लोंब्या हाताने बाजूला करत, पायाच्या बोटांनी चिखल चाचपत ओळीने निघाली. नवसू झपाझप वेचू देईना. घाईत राहिलेली जागा पुन्हा चालावी लागते, तो दुप्पट जोर. भिका बांधावर बिडी ओढत बसला.

"सोनं सांडलंय जणू," तो म्हणाला.

"तुझ्या विळ्याला विचार," नवसू खालूनच म्हणाला.

वेचलेले आणि घरी उरलेले भाजलेले गोळे गौराने आपल्या दारापुढच्या खड्ड्यात ठोकून बसवले. नवे कच्चे गोळे टोपलीत भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवले. तिथे धुराने ते सावकाश वाळले. नाचणीची कणसं मुठीसारखी वळेपर्यंत ती मचाणावरून हलली नाही. भातात पडलेला गोळा पावसाच्या एका सरीत विरून जाई.

भिकाची कापणी संपली त्या दिवशी नवसू मुद्दाम बांधावर जाऊन बसला. वर गौरा नाचणी खुडत होती. तिचं अर्धं लक्ष खाली होतं. भिकाने प्रत्येक विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. एकावर थांबला, उजेडात धरून पाहिला, खाली ठेवला.

"वहिनी," त्याने वर हाक मारली, "पुढल्या साली नांगराला माझे बैल ने. पण आधी सांग, नाहीतर ऐन वेळेला बोंबलत येशील."

"ऐन वेळेला तुझेच बैल दमलेले असतात," गौरा वरून म्हणाली.

नवसू उठून वर गेला. मचाणावरून गोफण काढून त्याने दोऱ्या ओढून बघितल्या. बोटात अडकवायचा फास झिजला होता. तेवढा नवा करायला तो ती घरी घेऊन गेला.