वारा सरल्याशिवाय चहा नाही

आमच्या विभागातल्या आयाबाईंना सगळे वारामावशी म्हणतात, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची तर आतडं फुगवावं लागतं, नाहीतर आत दिसणार काय, कप्पाळ? आमच्याकडे आधी साधी हवाच भरायचे. मग पेशंट बाहेरच्या खोलीत आला की त्याच्या पोटाचा नगारा झालेला असायचा. तो उतरवायचं काम मावशींचं. डाव्या कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी घ्यायला लावायचे, पोटावरून हात फिरवत बसायचं. "लाजताय काय? इथं सगळे त्याचसाठी झोपतात." भलेभले साहेब त्यांच्यापुढे मुकाट असायचे. नियम एकच, वारा सरल्याशिवाय चहा नाही.

घरचा पेशंट मात्र जुमानत नव्हता. काकांच्या, म्हणजे मावशींच्या यजमानांच्या आतड्यातली गाठ मागे काढली होती आणि पुन्हा बघणं भाग होतं. पण त्या खेपेला पोट इतकं दुखलं होतं की त्यांचा एकच हेका, "मरेन, पण तिथं येणार नाही." मावशी आतल्या आत झुरत होत्या. गाठ परत आली असली तर?

मग आमच्याकडे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, यानं पोट फुगून राहत नाही. मावशींनी घरी जाऊन शपथा घातल्या, रडल्या, दोन दिवस अबोला धरला, आणि काका एकदाचे आले. नव्या गॅसचा पहिला पेशंट तेच.

आतडं स्वच्छ निघालं. गाठीचा मागमूस नाही. काका जागे झाले आणि म्हणाले, "भूक लागलीय गं."

मावशींनी त्यांना उठू दिलं नाही. कुशीवर वळवलं, गुडघे दुमडले, पोट चोळलं. काही नाही.

"सिस्टर, एवढा गॅस घातला, तो गेला कुठं?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आत काही फाटलं तर नाही?"

"अहो मावशी, डॉक्टर आत्ताच पोट तपासून गेले ना? मऊ आहे. हा गॅस रक्तात शोषला जातो आणि श्वासातून निघून जातो." मी जरा चिडूनच बोलले, कारण दारात पुढचा पेशंट ताटकळत होता.

"पोटातला वारा नाकातून?"

"हो."

"असं कुठं असतं का?"

शिकवलं तेव्हा मलाही ते धड पटलं नव्हतं.

मावशी नवऱ्याच्या उशाशी बसल्या. त्यांच्या नाकाखाली तळवा धरला आणि डोळे मिटले.

"काहीच कळत नाही बाई," त्या म्हणाल्या. "हा तर यांचा नेहमीचाच श्वास आहे."

"मग मीही नेहमीचाच आहे," काका म्हणाले. "आता तरी चहा दे."

मावशी उठल्या. त्यांनी कप पुढे केला आणि चहा मी ओतला.