ज्याचे तंबू, त्याचाच न्याय

सनद मिळून मला फार दिवस झाले नव्हते. ठाण्यात तळ्याजवळ दोन खोल्या घेऊन मी वकिली मांडली होती, आणि कचेरीत जे चालते ते कायद्यानेच चालते असा माझा ठाम समज होता. कोलशेतच्या एका शेतकऱ्याच्या खटल्याने तो मोडला. त्याची चीड अजून गेलेली नाही.

हा शेतकरी ख्रिस्ती होता. खाडीकाठी थोडी भातशेती, एक गाडी आणि बैलांची जोडी, एवढाच त्याचा पसारा. थंडीत असिस्टंट कलेक्टर साहेब फिरतीवर निघत, तेव्हा त्यांचे तंबू वाहायला गावोगावच्या गाड्या वेठीला धरीत. मामलेदारांचा शिपाई गाडी मागायला ह्याच्या दारात आला, त्या सकाळी ह्याची आई नुकतीच वारली होती. शवपेटी गाडीत घालून तिला ठाण्याच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायची तयारी चालली होती.

"आज गाडी नाय मिलाची," तो म्हणाला. "आयेला देवळान न्यायची हाय. उद्या मीच घेऊन येतू."

"मढं थांबेल, साहेब थांबायचे नाहीत," असे म्हणून शिपायाने बैलाचा कासरा धरला. ह्याने तो हिसकावून घेतला. गुन्हा एवढाच. पेटी घराबाहेर निघण्याआधी त्याला पकडून नेले. म्हातारीला शेजाऱ्यांनी पुरले. पोटच्या मुलाला मूठभर माती टाकायला मिळाली नाही.

सरकारी कामात अडथळा केल्याचा खटला उभा राहिला, आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खुर्चीवर बसले ते मामलेदारच. सकाळी त्याच टेबलावरून ते सारावसुलीचे हुकूम सोडीत, दुपारी तिथेच न्याय करीत.

मी म्हणालो, "रावसाहेब, हुकूम आपला, शिपाई आपला. निकालही आपणच देणार?"

"मग काय तुम्ही देणार?" ते म्हणाले. कचेरीत हशा पिकला. आईचे मरण त्यांनी ऐकूनसुद्धा घेतले नाही. कैदेची शिक्षा झाली.

नंतर त्यांनी मला कचेरीच्या ओसरीवर गाठले. आता आवाज खाली आला होता. "वकीलसाहेब, तुम्ही तरुण आहात. ह्याला सोडला तर उद्या गाडी कोण देईल? आणि साहेबांचे तंबू खोळंबले तर माझे काय होईल? माझी बदली, बढती, सगळे त्यांच्या हातात. मलाही मुलेबाळे आहेत हो." ते जवळजवळ विनवीत होते. शिक्षेपेक्षा त्या विनवणीनेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अपील कोणाकडे? कायद्याप्रमाणे असिस्टंट साहेबांकडेच! ज्यांचे तंबू, त्यांच्याच तंबूत मी उभा राहिलो. बाहेर आरोपीची बायको उन्हात उभी होती. साहेबांनी माझे बोलणे पुरते होऊ दिले नाही. "शिक्षा कायम," म्हणाले आणि पुढचे काम मागितले.

मी ठाण्याच्या जज्जसाहेबांकडे गेलो. तेही गोरेच, बोलायला तुटक, आणि गरिबांचा कळवळा त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी दिसला नव्हता. पण त्यांचे तंबू कोणी वाहत नव्हते आणि त्यांची बढती कलेक्टराच्या हातात नव्हती. त्यांनी कागद वाचले आणि विचारले, "ह्यात फिर्यादी कोण आणि न्यायाधीश कोण? मला एकच माणूस दिसतो." त्यांनी प्रकरण मुंबईला हायकोर्टाकडे पाठवले. शिक्षा रद्द झाली.

पण तोवर ती पुरी भोगून झाली होती. किल्ल्यातल्या तुरुंगात त्याने दगड फोडले होते.

मी ती बातमी सांगायला कोलशेतला गेलो. तो शेताचा बांध घालत होता. ऐकून त्याने नुसती मान हलवली आणि पुन्हा चिखलात हात घातले. बायकोने मात्र विचारले, "मोठा जज बोलला ता मामलेदाराला ठाव नवता काय?"

"ठाऊक होते."

"मंग त्याने आसा कित्याला केला?"

"भ्याला," मी म्हणालो.

"न्याव देनाराच भ्यायला, त आमी जावाचा कोनाकरं?"

पुढे कल्याणला एका सभेत, अंमल आणि न्याय एका हाती नसावेत, असा ठराव आला. मी ही हकीकत सांगितली. एक वयस्क पेन्शनर गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, शेवटी जज्ज भला निघाला ना? मग तक्रार कसली?"

मी भर सभेत ओरडलो, "भला? त्याचा भलेपणा कोणी मागितला होता? तो मोकळा होता, एवढेच! तुमचा मामलेदारही कदाचित भला असेल. त्याला भले वागण्याची मुभा कोणी ठेवली होती?"

ठराव एकमताने पास झाला आणि वर पाठवला गेला. उत्तर आले नाही. त्या थंडीतही तंबू गावोगावच्या गाड्यांतूनच निघाले, आणि गाडी नाकारणाऱ्याचा निकाल देणारी खुर्ची होती तिथेच राहिली.