एकच बॉल, आईसाठी

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कधी कुणाचा सत्कार करतील, नेम नाही. गेल्या उन्हाळ्यात कॅनडातल्या मिल्टनच्या पार्कात, पिकनिकला, त्यांनी माझ्या मुलाला गाठलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळचे अलिबागकडचे, मग इस्राएलला गेलो, आता मुलापाठोपाठ मी इथे. मुलगा इस्राएलच्या राष्ट्रीय बेसबॉल संघात पिचर होता, म्हणजे बॅटवाल्याला चेंडू टाकणारा. पण त्या देशात बेसबॉल बघतो कोण? देशासाठी खेळून आला तेव्हा टॅक्सीवाल्याने त्याचा चामडी हातमोजा बघून विचारलं, बागकाम करतोस का? आणि मी तरी कुठे बघितलं? बेकरीतली माझी पाळी कधी सुटली नाही. जेवताना तो संत्रं हातात धरून दाखवायचा, बॉल शेवटच्या क्षणी कसा वळतो ते. माझं बेसबॉल तेवढंच.

इथे लोकांना खेळ कळतो, पण आमचा देश तो खेळतो याचा पत्ता नाही. ब्रॅम्पटनच्या वेअरहाउसमध्ये खोकी उचलून पिचिंगने झिजलेलं त्याचं उरलंसुरलं कोपरही गेलं. ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर बॉल टाकणं कायमचं बंद.

शाल-श्रीफळ झालं. नारळ माझ्या मांडीवर आला. अध्यक्ष माइकवर ओरडले, "आपल्या मातीतला फास्ट बोलर! सर, फक्त वन बॉल, प्लीज!" त्यांच्या लेखी पिचर म्हणजे क्रिकेटचा बोलरच; समोर स्टंप ठोकलेले, अध्यक्षांचा भाचा पॅड बांधून तयार. मी नको नको म्हणत होते.

"एकच टाकतो," मुलगा म्हणाला. "आई, नीट बघ हं."

त्याने पाय उचलला, आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आपलं थोबाडही व्हिडिओत यावं म्हणून सेल्फी घेत होते. मला दिसली ती त्यांची पाठ, घामाने चिकटलेला कुर्ता. पलीकडे कुठेतरी धप्प आवाज झाला.

"नो बॉल!" अंपायर झालेल्या काकांनी हात आडवा केला. "कोपर वाकलं! हे चकिंग झालं, बोलिंग नाही!"

सगळे खो खो हसले. अध्यक्षांचं हसणं तर थांबेचना. तो नारळ त्यांच्याच टाळक्यात फोडावा असं मला वाटलं. आजही वाटतं.

मुलगा कोपर धरून आला. वेदनेने ओठ पांढरे पडले होते, पण लोकांच्या हसण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "पाहिलंस?"

"पाहिलं की! काय वळला रे शेवटी!"



"सरळ टाकला होता, आई. वळवायला कोपर कुठे राहिलंय?"

मग घरी पोचेपर्यंत त्याने मला काही विचारलं नाही.