एका मशीनचे सात दाखले

वाळूजला मी चार वर्षांच्या वर एकाच कारखान्यात, एकाच लेथ मशीनवर उभा होतो. तरी माझ्याकडं अनुभवाचे दाखले सात होते, सात वेगवेगळ्या ठेकेदारांचे. तिथली रीतच तशी. सात महिने भरत आले की सुपरवायझर गेटपास काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "ब्रेक." जास्त दिवस सलग भरले तर माणूस उद्या कायम करा म्हणेल, याची केवढी धास्ती! पंधरा दिवस शहरात गारखेड्याच्या भाड्याच्या खोलीवर बसायचं, मग नव्या ठेकेदाराच्या नावानं त्याच गेटातून आत. डबा ठेवायचा कोनाडासुद्धा तोच असायचा.

मग दुष्काळ पडला. कारखान्यांचं पाणी कमी केलं, आमची एक शिफ्ट बंद झाली आणि सातव्या ब्रेकनंतर बोलावणं आलंच नाही. गारखेड्यात मात्र नव्या इमारतींच्या भिंतींवर टँकरचं पाणी मारणं बिनघोर चालू होतं. गावाकडं चारा नव्हता. वडिलांनी निम्मी मेंढरं विकली होती. ते फोनवर म्हणाले, "तुझं पक्कं झालं की आमी दोघं तिकडंच येतो. इथं काय ऱ्हायलं नाय आता."

वाळूजच्याच दुसऱ्या एका कारखान्यात लेथवर कायम टर्नरची जागा निघाली. खोलीवरचा जोडीदार म्हणाला, "पाच दाखले घरीच ठेव. लई कागद बघून साहेब बिचकतो." मी ऐकलं नाही. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेला माणूस मी. कागद जितका जास्त तितकं काम सोपं, एवढंच शिकलेलो. सातही दाखले फाइलीत ओळीनं लावून नेले.

आधी मशीनवर परीक्षा झाली. मी कातलेला लोखंडी जॉब पहिल्या फटक्यात मापात बसला. मग साहेबानं फाइल उघडली आणि त्याचं तोंड आंबट झालं.

"चार वर्षांत सात नोकऱ्या? का सोडता हो तुम्ही?"

"सोडली एकही नाही, साहेब. कारखाना एकच होता. ठेकेदार बदलत होते."

तो हसला. त्याला सगळं ठाऊक होतं! वाळूजमध्ये खुर्चीवर बसणाऱ्या कुणाला ते ठाऊक नाही? तरी म्हणाला, "कागदावर तर सातच दिसतात. तुमच्यासारख्या अस्थिर माणसाला आम्ही कायम कसं घ्यायचं?"

माझे वडील दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन मुलूख बदलायचे. त्यांना कुणी अस्थिर म्हटलं नाही. आणि मी एका जागी उभा राहून पाय सुजवले, तर मी पळपुटा!

फाइल परत देताना साहेब म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा. आमच्या ठेकेदाराला भेटा. सोमवारपासून या. सात महिन्यांसाठी."

ती फाइल त्याच्या टेबलावर आपटून उठायला हवं होतं. मी "बरं साहेब" म्हणालो. त्या दोन शब्दांचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "लागली का नोकरी?"

"लागली."

"मग उरलेली मेंढरं बाजारात नेतो. सामान बांधायला सांगू का तुझ्या आईला?"

"नका सांगू," मी म्हणालो.